साखरेची स्फिंक्स: गुलामगिरीचे स्मारक विरघळणारे असावे का?

चर्चाप्रस्ताव
न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील डोमिनो या साखर कंपनीच्या जुन्या कारखान्याचा बराचसा भाग पाडला जाण्यापूर्वी, २०१४ च्या उन्हाळ्यात, कारा वॉकर या कृष्णवर्णीय कलावतीने तेथे सुमारे ७५ फूट लांब आणि ३५ फूट उंच स्त्रीरूपी स्फिंक्स, म्हणजे सिंहाचे धड आणि माणसाचे डोके असलेली आकृती, घडवली. आत फोमचे ठोकळे आणि वर पांढरी साखर होती. डोक्याला मोलकरणीचा रुमाल, तर चेहरा आफ्रिकी वंशाच्या स्त्रीचा होता. भोवती टोपल्या घेतलेल्या मुलांचे काकवीच्या रंगाचे पुतळे उभे होते. त्यांपैकी निव्वळ साखरेची काही मुले वितळून कोसळली, तेव्हा त्यांचे तुकडे वॉकर यांनी उरलेल्यांच्या टोपल्यांत ठेवले. उसाच्या मळ्यांत गुलाम कसे राबून मरत आणि त्यांचे ओझे मागे राहिलेल्यांवर कसे पडे, हे इतक्या थेटपणे सांगणारे दुसरे शिल्प मला आठवत नाही. म्हणून अशी कला ब्राँझमध्ये गोठवू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १
मी पूर्णपणे असहमत आहे. शिल्पासाठीची साखर डोमिनोनेच देणगी म्हणून दिली होती आणि जागा बांधकाम व्यावसायिकाच्या ताब्यात होती. प्रदर्शन संपल्यावर दोघांवरही कसलेच बंधन उरले नाही. शिवाय त्या विवस्त्र देहासमोर अनेकांनी अश्लील हावभाव करून छायाचित्रे काढली. ज्या स्त्रियांच्या शरीरावर मळेवाल्यांनी मालकी गाजवली, त्यांची पुन्हा विटंबना होऊ देणे मला अक्षम्य वाटते.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर
विटंबना झाली हे खरेच आहे, आणि ती पाहून मलाही संताप येतो. परंतु वॉकर यांनी प्रेक्षकांचे चित्रीकरण करवून त्यांचे वर्तनही कलाकृतीचा भाग केले. तो तिरस्कार आजही जिवंत आहे याचा पुरावा त्या प्रेक्षकांनीच दिला. शिल्प झाकून ठेवल्याने तो नाहीसा झाला नसता.

प्रतिसाद २
मी मॉरिशसमधून लिहीत आहे. येथे १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई मळेवाल्यांना दिली आणि मुक्त झालेल्यांच्या हाती काहीच पडले नाही. त्याच मळ्यांवर मग हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणले गेले, ज्यांत आम्हा मराठी लोकांचे पूर्वजही होते. पळालेले गुलाम ज्या ल मॉर्न डोंगरात आश्रय घेत, त्याच्या पायथ्याशी आज शिल्पांचे कायमस्वरूपी स्मारक आहे. कुणाचेही मूल कधीही तेथे जाऊन उभे राहू शकते. ब्रुकलिनमध्ये मात्र २०१८ साली खुल्या झालेल्या डोमिनो पार्कमध्ये कारखान्यातील पाकाच्या टाक्या आणि याऱ्या (क्रेन) जतन केल्या आहेत. लोखंडाला जी कायमची जागा मिळाली, ती त्या स्त्रीला का मिळू नये, याचे उत्तर प्रस्तावकांनी द्यावे.

प्रतिसाद १
माझेही हेच म्हणणे आहे. स्मारक कसले असावे, यावर आपण वाद घालू. पण ते कारखाना होता त्याच नदीकाठी आणि त्याच कंपनीच्या खर्चाने उभे राहिले पाहिजे.