मदत हवी आहे: साध्या पायमशीनवर लायक्रा शिवता येतं का?

टीपरेघ (ठाणे पूर्व):

ब्लाउज, परकर, पंजाबी ड्रेस यांवर हात बसलेला आहे. अस्तराचा ब्लाउजसुद्धा निगुतीने होतो. पण ताणाचं कापड आलं की गाडं अडतं.

लेक उंच आणि काटकुळी. कमरेला बसेल ती लेगिंग पोटरीवर संपते आणि लांबीला पुरेल तिच्या कमरेत अजून एक मुलगी मावेल. म्हणून जांभळी नाक्यावरून काळं कॉटन लायक्रा आणलं, भिजवून वाळवलं, जुनी लेगिंग उसवून तिच्यावरून बेतलं. मशीन सासूबाईंची, काळी, पायाची. फक्त सरळ टीप.

आता होतं काय, तर थोडे टाके नीट पडतात आणि मग बोटभर दोरा नुसताच वर तरंगतो, खाली अडकतच नाही. आसनाच्या, म्हणजे दोन पाय जुळतात त्या गोलाईत जास्तच. आणि जिथे टीप चांगली दिसते तिथे लेक मांडी घालून बसली की कट्ट आवाज, शिवण उसवली! पायाच्या तळाची दुमड तर कुरडईसारखी होते. सुई ब्लाउजला लावते तीच, १६ नंबर. तेल घातलं, टेन्शन कमी-जास्त करून पाहिलं, फरक नाही.

वेगळी सुई लागते म्हणतात. ती या मशीनला बसते का? झिगझॅगवाचून होणारच नाही का? दोन लेगिंगसाठी नवीन मशीन घ्यायची नाहीये, हे आधीच सांगते.

घणसोलीचा_बाब्या:

स्टेशनबाहेर ढिगाने मिळतात की लेगिंग्ज. कशाला हा खटाटोप?

टीपरेघ:

ढिगात उंचीचं माप नसतं हो, दादा.

सुईदोरा (नेरूळ):

ताई, टेन्शनला आता हात लावू नका, दोष त्याचा नाहीच. सुई खाली जाऊन वर निघताना तिच्या नाक्यामागे दोऱ्याचा छोटा फासा सुटतो, तो शटलच्या, म्हणजे खाली फिरणाऱ्या भागाच्या टोकाने पकडायचा असतो. तुमचं लवचिक कापड सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचललं जातं. फासा तयारच होत नाही, शटल रिकामं फिरतं, टाका सुटला. शिवाय साध्या सुईचं टोक विणीचा धागाच भोसकतं, मग तिथून भोक पडून उसवत जातं.

स्ट्रेच सुई घ्या. टोक गोलसर असतं, त्यामुळे ती दोन धाग्यांच्या मधून सरकते. दुकानात बॉलपॉइंट म्हटलं तरी कळतं, पण ती होजिअरीला ठीक. लायक्रा असेल तर खास स्ट्रेचचीच मागा. ऑर्गन कंपनीच्या पुडीवर एचए बाय १ एसपी लिहिलेलं असतं, श्मेट्झ कंपनीच्या स्ट्रेच सुईला वर पिवळी खूण असते. पातळ कापडाला ११, जाडसर असेल तर १४. १६ नंबर सोडा. सध्याची सुई काढून बघा, वरच्या दांड्याची एक बाजू चपटी असेल तर ही बसेल. दांडा पूर्ण गोल असेल तर ही घेऊ नका, मशीनवाल्यालाच विचारा.

टीप तुटते त्याचं कारण वेगळं. कापड ताणतं, सरळ टीप ताणत नाही. सुती दोरा असेल तर बाजूला ठेवा, पॉलिएस्टर लावा. टाका मध्यम, साधारण अडीच मिलिमीटर. शिवताना कापड पुढून आणि मागून दोन्ही हातांनी किंचित ताणून धरा. किंचितच हं, सुई वाकेल इतकं नाही. कापड दाबून धरतो तो दाबा, त्याच्याखालच्या दातेरी पट्ट्या कापड सरकवतात, त्यांना त्यांचं काम करू द्या. पहिल्या टिपेच्या बाहेर, कापडाच्या कडेकडे, दोन-तीन मिलिमीटरवर दुसरी टीप घाला. आधी तुकड्यावर शिवा आणि शिवण लांबीच्या दिशेने ताणून बघा, आवाज आला तर ती लेगिंगला चालणार नाही.

पण आसनाची शिवण मी तरी सरळ टिपेवर सोडणार नाही. सगळा जोर तिथे येतो. गल्लीतल्या फॉल-पिकोवाल्याकडे जा, पिकोची मशीन झिगझॅगच असते. अरुंद झिगझॅग मारून मागा, आणि स्वतःची सुई सोबत न्या, तो आपली साडीची सुई बदलायचा कंटाळा करतो. ओव्हरलॉक करून घेणार असाल तर आधी विचारा, बऱ्याच दुकानांत ३ दोऱ्यांची मशीन असते. ती कड बांधते, जोडशिवणीला ४ दोऱ्यांची जास्त भक्कम.

शिवणक्लास_सुटलेली:

दुमडीचं राहिलं! काळ्या मशीनला दाब्याच्या दांड्यावर वरती स्क्रू असतो, तो थोडा सैल करा. दाब जास्त असला की वरचा पदर ताणला जातो आणि लाटा येतात. खाली बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा, नंतर फाडून काढा. आणि खरं सांगू का, विणीचं कापड कापल्या कडेने सुटत नाही, घरात वापरायची असेल तर दुमडलीच नाहीत तरी चालतं.

बेततानाही बघा, जास्त ताण अंगाभोवती आला पाहिजे. घडीची १० सेंटिमीटर कड ओढून १३ झाली, तर ३० टक्के ताण. लेगिंगला याहून जास्त हवा.

टीपरेघ:

सुई मिळाली, चपटीच आहे. तुकड्यावर सलग टीप आली, एकही टाका सुटला नाही. आसन पिकोवाल्याकडे नेते आहे. उरलेल्या कापडात लेकीचा टी-शर्ट होईल, गळ्याची पट्टी किती धरू?

सुईदोरा (नेरूळ):

गळ्याच्या घेराच्या साधारण ८५ टक्के. घेर २० इंच असेल तर १७, वर जोडाची शिवण वेगळी. पट्टी आणि गळा दोन्हींचे चार भाग करून टाचण्या लावा, शिवताना फक्त पट्टी ताणा, गळा अजिबात नाही. पट्टीच्या लांबीत ताण येईल अशीच कापा. कापड ढिलं असेल तर पट्टी अजून थोडी आखूड करावी लागेल, तर आधी नुसती टाचून लेकीच्या डोक्यातून घालून बघा.