शाळेने कॉम्प्युटर-इंटरनेट वापराचं हमीपत्र पाठवलंय, सही करू का?

ऐरोलीची आई

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मुलगा सातवीत आहे, शाळा इथलीच, नाव लिहीत नाही कारण त्याला अजून तिथेच जायचंय. मागच्या महिन्यात त्याच्या शाळेच्या अकाउंटवरून ऑनलाइन क्लासरूममध्ये वर्गातल्या एका मुलीबद्दल खूप घाणेरडी कमेंट पडली. वेळ संध्याकाळी ४:४०. त्या वेळी हा व्हॅनमध्ये होता, फोन त्याच्याकडे नसतोच, व्हॅनवाले काका म्हणतात सेक्टरच्या गेटवर सोडलं तेव्हा पाच वाजत आले होते. जूनमध्ये शाळेने सगळ्यांना पासवर्ड दिले ते म्हणजे ज्याची त्याची जन्मतारीख, बदलून घ्या असं कोणी सांगितलं नाही, आणि वाढदिवसाला वर्गात चॉकलेटं वाटतात त्यामुळे सगळ्यांच्या तारखा सगळ्यांना पाठ.

हे सगळं मी बाईंना सांगितलं तर उत्तर आलं की अकाउंट त्याचं आहे म्हणजे जबाबदारी त्याची. पंधरा दिवस अकाउंट बंद, लॅब बंद, आणि वर्गासमोर उभं करून माफी मागायला लावली. जे केलं नाही त्याची माफी. तो दोन दिवस नीट जेवला नाही हो.

आता या आठवड्यात सगळ्या पालकांना चार पानी हमीपत्र आलंय, सगळं इंग्रजीत. त्यात लिहिलंय की मुलाच्या अकाउंटवरून काहीही झालं तरी मुलगा आणि पालक पूर्ण जबाबदार, शाळा कधीही कुठलंही डिव्हाइस तपासू शकते म्हणजे घरचंसुद्धा, मुलाचे फोटो-व्हिडिओ शाळेच्या सोशल मीडियावर टाकायला कायमची परवानगी, आणि नियम मोडला तर शाळेतून काढून टाकण्यापर्यंत कारवाई. शुक्रवारपर्यंत सही नाही दिली तर लॅबला बसू देणार नाहीत. मिस्टर म्हणतात सही कर आणि मोकळी हो. माझा हात होत नाहीये. नियम नकोत असं माझं म्हणणं अजिबात नाही, पण असे?

घणसोली२०१६

ताई सही करून टाका. सगळे करतात, कोणी वाचत पण नाही. उगाच वाद घातला तर मुलाकडे बघायची नजर बदलते, मोठीच्या वेळेला आम्ही हे भोगलंय, एका फीच्या पावतीवरून बोललो तर वर्षभर तिला पुढच्या बाकावर बसवलं नाही. फक्त झेरॉक्स काढून ठेवा.

कळव्याचे लॅबवाले सर

ताई, मी कळव्याला एका अनुदानित मराठी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, अठरा वर्षं झाली. तुमचं वाचून रात्री झोप नाही आली खरंच, कारण अशी चूक माझ्या हातूनही झाली असती.

आमच्याकडे मशीन २२, चालू १७, आणि वर्गात ५४ मुलं, म्हणजे एका मशीनला निदान तीन जण आणि तासिका ३५ मिनिटांची. अशा ठिकाणी 'अकाउंट तुझं म्हणजे तूच' हे चालूच शकत नाही कारण तिघं एकाच्याच लॉगिनने बसलेले असतात. म्हणून मी एक जाड वही ठेवलीय, तारीख, तासिका, मशीन नंबर आणि तिघांची नावं, वर्गाचा मॉनिटर पोरगा भरतो आणि शेवटी मी सही करतो. साधी वही आहे पण दोनदा त्या वहीमुळे निर्दोष मुलगा वाचलाय. आणि जूनचा पहिला तास फक्त पासवर्डचा. जन्मतारीख चालणार नाही, मोबाइल नंबर चालणार नाही, तीन मराठी शब्द जोडा जे तुमच्या घरात कोणी बोलत नाही असं सांगतो. मुलं काय काय शोधून काढतात! पाचवीच्या मुलांना वहीच्या मागे लिहून ठेवावा लागतो, ती वही कपाटात कुलपात.

नियमांबद्दल. आधी आमच्याकडे पण बोर्डावर लांबलचक यादी होती, गेम खेळू नये, पेन ड्राइव्ह लावू नये, अमुक साइट उघडू नये. मग एकदा सहावीतली एक मुलगी प्रोजेक्टसाठी प्राण्यांची चित्रं शोधत होती, एका लिंकवर क्लिक केलं आणि भलतंच उघडलं. तिने झटकन बंद केलं आणि कोणाला काही सांगितलं नाही. तीन दिवस शाळेत आली नाही, पोट दुखतंय म्हणून. चौथ्या दिवशी आजी घेऊन आली तेव्हा कळलं की पोरगी घाबरली होती, बोर्डावर लिहिलंय अशी साइट उघडली तर कारवाई, आता सर मला काढणार. त्या दिवशी ती यादी मी स्वतः पुसली. नंतर मुलांना बरोबर घेऊन भिंतीवर पाचच ओळी रंगवल्या. त्यातली पहिली दुसऱ्याच्या नावाने बसायचं नाही, आणि शेवटची, काही विचित्र दिसलं तर स्क्रीन बंद कर, मशीन चालू राहू दे, आणि सरांना हाक मार, ओरडा बसणार नाही. मशीन चालू का, तर मला बघता येतं की कुठून आलं आणि ते अडवता येतं.

नको त्या साइट अडवणारा फिल्टर आमच्याकडे पण आहे, पण तो सगळं ओळखतो असं नाही. दहावीच्या विज्ञानात मानवी प्रजननाचा भाग आहे, आमच्या मॅडम आकृती शोधायला गेल्या तर फिल्टरने अडवलं, आणि आठवीची पोरं त्याच मशीनवर कुठल्यातरी प्रॉक्सीने (फिल्टरला वळसा घालणारी साइट) गेम खेळत होती. फिल्टर हवाच, त्याच्या भरवशावर मुलांना सोडू नये एवढंच.

सही करायची की नाही ते कायद्यातले लोक सांगतील. मुलाला मात्र एकदा नीट जवळ घेऊन सांगा की आईला माहितीये तू नाही केलंस.

महापे_नेटवर्क

माझं काम नेटवर्कचंच आहे म्हणून टेक्निकल बाजू लिहितो.

१. शाळेचं अकाउंट गूगलचं असेल तर शाळेच्या ॲडमिनला लॉगिनचा लॉग दिसतो, कधी लॉगिन झालं आणि कुठल्या आयपी ॲड्रेसवरून (इंटरनेट कनेक्शनचा नंबर). हा लॉग सहा महिने राहतो. तुमची घटना मागच्या महिन्यातली आहे म्हणजे अजून सगळं तिथे आहे, कॉम्प्युटर सरांना दहा मिनिटांचं काम आहे. ४:४० च्या आसपासचं लॉगिन तुमच्या घरच्या कनेक्शनवरून झालेलं नसेल तर तेवढं तरी सिद्ध होईल. मात्र आयपी म्हणजे माणूस नव्हे, ते फक्त कनेक्शन असतं, आणि मोबाइल डेटावर तर एकाच आयपीमागे शेकडो लोक असतात, त्यामुळे याच्यावरून दुसऱ्या कोणाला पकडून शिक्षा द्या असं म्हणू नका, नाहीतर परत तेच होईल.

२. घरचं डिव्हाइस. हे कलम मी अजिबात मान्य केलं नसतं. शाळेच्या वायफायवर असताना शाळेला कुठल्या साइटला गेलात हे कळू शकतं, इन्कॉग्निटो लावला तरी, कारण इन्कॉग्निटो फक्त त्या मशीनमधली हिस्टरी ठेवत नाही, नेटवर्कपासून काही लपवत नाही. पण साइट एचटीटीपीएस (म्हणजे माहिती कुलूपबंद पाठवणारी) असेल तर आत काय वाचलं, काय टाइप केलं ते सहसा दिसत नाही, जोपर्यंत शाळेने तुमच्या फोनमध्ये स्वतःचं सर्टिफिकेट किंवा मॅनेजमेंट प्रोफाइल टाकलेलं नाही. म्हणून शाळेतून 'हे इन्स्टॉल करा' असं काही आलं तर ते घरच्या फोनवर आणि लॅपटॉपवर टाकू नका, शाळेच्या टॅबवर टाकू देत.

३. हे पुष्कळ पालकांना माहीत नसतं. मुलगा घरच्या क्रोममध्ये शाळेच्या आयडीने साइन इन करतो तेव्हा त्या प्रोफाइलला शाळेचे नियम लागू होऊ शकतात, मग बाबांना यूट्यूबवर काही दिसेनासं होतं आणि वाटतं लॅपटॉप हॅक झाला. शाळेच्या आयडीसाठी क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल करा, नाव द्या 'शाळा', अभ्यास झाला की बंद. दोन्हीकडे मिसळायचं नाही.

आणि फुकट व्हीपीएन मुलांना टाकू देऊ नका प्लीज. शाळेचा फिल्टर चुकवायला टाकतात, पण मग सगळा ट्रॅफिक त्या अनोळखी कंपनीकडून जातो.

घोडबंदर_परतलेले

आम्ही सात वर्षं न्यू जर्सीला होतो, मुलीची शाळा तिकडे सुरू झाली. तिथे असा कागद दरवर्षी यायचा. तिकडे २००० साली कायदा झाला की शाळेला इंटरनेटच्या खर्चात सरकारी योजनेतून सवलत हवी असेल तर फिल्टर बसवायचा आणि इंटरनेट सुरक्षेचं धोरण करायचं, आणि ते धोरण ठरवण्याआधी लोकांना सूचना देऊन निदान एक जाहीर सभा घ्यायची. नंतर २००८ च्या कायद्याने हेही आलं की मुलांना ऑनलाइन वागणं आणि सायबर छळ याबद्दल शिकवायचंसुद्धा. इथे तो कायदा लागू नाही, पण सभा घ्यायला कोणी अडवलंय? इकडच्या शाळेतून आम्हाला आलेला कागद त्याच धर्तीचा वाटतो, फक्त सभा आणि शिकवणं दोन्ही गळालंय.

नौपाडा_वकील

ताई, थोडक्यात सांगते, पूर्ण कागद पाहिल्याशिवाय याला सल्ला समजू नका.

१८ वर्षांखालच्या मुलाचा करार आपल्याकडे कायद्याने बांधत नाही, भारतीय करार कायदा १८७२, कलम ११. म्हणजे मुलाची सही घेतली तरी ती समज देण्यापुरती. तुमची सही मात्र तुम्हाला बांधू शकते, म्हणून 'काहीही झालं तरी पालक पूर्ण जबाबदार' या वाक्याखाली ती तशीच देऊ नका.

शाळेतून काढणं. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६, आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी. चौकशी न करता वर्गासमोर माफी मागायला लावणं हे माझ्या मते कलम १७ मध्ये बसतं. एकच बघा, शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने हा कायदा त्यांना लागू नाही, मग वेगळा विचार करावा लागेल.

दुसऱ्याचा पासवर्ड वापरून त्याच्या नावाने काही करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा होऊ शकतो, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. सातवीच्या पोरांवर कोणी केस करा असं मी मुळीच म्हणत नाहीये. पण शाळेला हे समजावा की त्या दिवशी तुमच्या मुलाचं अकाउंट चोरलं गेलं, म्हणजे त्याच्यावर अन्याय झाला आणि त्यांनी त्यालाच शिक्षा दिली.

फोटो. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ च्या खालचा प्रत्येक जण मूल धरलाय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायला सांगितलंय, आणि दिलेली संमती परत घ्यायचीही सोय ठेवलीय. मग 'कायमची' परवानगी कुठून आली? शाळा सीबीएसई असेल तर त्यांच्या बोर्डाने २०१७ मध्येच इंटरनेटच्या सुरक्षित वापराबद्दल परिपत्रक काढलंय, त्यात फायरवॉल, फिल्टर आणि देखरेख ही कामं शाळेवर टाकलीयत.

जे पटत नाही त्यावर आडवी रेघ मारा, शेजारी छोटी सही, खाली लिहा 'वरील कलमं वगळून मान्य', आणि आवक शिक्क्यासह पोच घ्या. नकार दिला असं होत नाही आणि मुलाचा तासही बुडत नाही.

घणसोली२०१६

वकील ताई, हे आम्हाला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी माझे शब्द मागे घेतो.

ऐरोलीची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आले, सगळं प्रिंट करून नेलं होतं. मुख्याध्यापिका बाईंनी आधी पाच मिनिटं दिली, नंतर पाऊण तास बसल्या. कॉम्प्युटर सरांनी समोरच लॉग उघडला, ४:३६ ला लॉगिन झालंय ते आमच्या घरच्या आयपीवरून नाही, एवढंच सांगितलं, कोणाचं ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मुलाच्या नावावरची शिक्षेची नोंद काढून टाकणार आहेत, प्रोजेक्टचे गेलेले मार्क द्यायचं बघतो म्हणाल्या. सोमवारी लॅबमध्ये सातवीच्या सगळ्यांचे पासवर्ड बदलून घेणार. फोटोचं, घरच्या डिव्हाइसचं, काढून टाकण्याचं आणि 'काहीही झालं तरी' वालं, या चारांवर रेघ मारून सही दिली, शिक्का मिळाला.

एक गोष्ट अडलीय. माफी वर्गासमोर मागायला लावली होती तर 'याने केलं नव्हतं' हेही वर्गासमोर सांगा असं मी म्हटलं, बाई म्हणतात मुलं आता विसरली, परत कशाला काढायचं. मुलगा विसरलेला नाही.

आणि ज्या मुलीबद्दल ते लिहिलं होतं तिच्या आईला मी काल रात्री फोन केला. आधी करायला हवा होता, धीर होत नव्हता. त्या म्हणाल्या शाळेतून आजपर्यंत एकानेही मुलीला विचारलं नाही तू कशी आहेस, फक्त शिक्षा झालीय असं सांगितलं. आम्ही दोघी बराच वेळ बोललो. आता दोघींच्या सहीने पत्र देतोय, पालक-शिक्षक संघाची मीटिंग २२ ला आहे तिथे हमीपत्र मराठीत आणि मुलांना कळेल असं करा ही मागणी ठेवणार.

सर, तुमच्या भिंतीवरच्या ओळींचा फोटो टाकाल का? मीटिंगला दाखवायचाय.

कळव्याचे लॅबवाले सर

नक्की ताई. शनिवारी लॅब उघडली की टाकतो. पावसात त्या भिंतीला ओल आलीय, शेवटची ओळ पुसट झालीय, पोरांकडून परत रंगवून घेतो आणि मग काढतो.