पूर्व तिमोरमध्ये सार्वमत झालं, पश्चिम सहारात कुठं अडलं?

खडूफळा
दोन्ही ठिकाणी १९७५ च्या सुमारास युरोपी सत्ता निघाली (तिमोरमधून पोर्तुगाल, सहारातून स्पेन) आणि शेजारी देशाची फौज घुसली (तिमोरमध्ये इंडोनेशियाची, सहारात मोरोक्कोची). दोन्ही ठिकाणी संयुक्त राष्ट्रांनी सार्वमत घ्यायचं ठरवलं. तिमोरचा करार ५ मे १९९९ ला झाला, ३० ऑगस्टला मतदानही उरकलं. पश्चिम सहारात मिनुर्सो, म्हणजे सार्वमतासाठीचं संयुक्त राष्ट्रांचं पथक, १९९१ पासून आहे, तरी एकही मत पडलेलं नाही. 'राजकीय इच्छाशक्तीचा अभाव' हे पुस्तकी उत्तर नको. नेमकं अडलं कशावर?

मतपेटी
मतदारयादीवर. तिमोरमध्ये पात्रता दोन ओळींत मावत होती: वय किमान १७, आणि जन्म तिमोरचा, किंवा आईवडिलांपैकी एकाचा जन्म तिथला, किंवा अशा कुणाचा नवरा वा बायको. तीन आठवड्यांत ४,५१,७९२ नावं नोंदली गेली.

सहारात आधार धरला स्पेनच्या १९७४ च्या जनगणनेचा, सुमारे ७४,००० माणसांचा. भटक्या लोकांची मोजदाद ती, सुटलेले पुष्कळ. म्हणून टोळी आणि पोटशाखेवरून ओळख पटवायची ठरली. अर्जदार समोर बसायचा आणि त्याच्या पोटशाखेचे शेख (म्होरके) तोंडी साक्ष द्यायचे, एक मोरोक्कोकडचा, एक पोलिसारिओकडचा, म्हणजे स्वातंत्र्य मागणाऱ्या सहारावी संघटनेकडचा. एका बाजूचा शेख फिरकला नाही की काम ठप्प. मोरोक्कोनं पुढे केलेल्या एच४१, एच६१ आणि जे५१/५२ अशा सांकेतिक नावांच्या टोळीगटांवर तर वर्षानुवर्षं घोळ चालला. शेवटी जानेवारी २००० मध्ये १,९८,४६९ अर्जदारांतले ८६,३८६ पात्र ठरले आणि त्यावर १,३०,००० हून अधिक अपिलं आली. प्रत्येक अपिलाला पुन्हा साक्षीदार आणायचे. तिथं गाडं रुतलं ते रुतलंच.

दर्यावर्दी
यादीचं खरं, पण ते अर्धंच उत्तर. ज्याला हरायची भीती आहे त्याच्या हाती साक्षी-अपिलांची दोरी दिली की तो ती ओढणारच. तिमोरमध्ये कोण पात्र हे उनामेट, म्हणजे तिथलं संयुक्त राष्ट्रांचं पथक, ठरवत होतं. शिवाय पोर्तुगालनं तिमोरवरची कायदेशीर जबाबदारी कधी सोडली नाही, करारावर त्याची सही आहे. स्पेननं फेब्रुवारी १९७६ मध्ये हात झटकले. आर्थिक संकटात नाणेनिधीकडे हात पसरलेल्या इंडोनेशियावर दबाव चालला. मोरोक्कोच्या पाठीशी सुरक्षा परिषदेतला नकाराधिकारवाला फ्रान्स आहे.

आणि तिमोरला यशाचा नमुना म्हणताना जरा जपून. करारात मतदानाची सुरक्षा इंडोनेशियाच्याच पोलिसांकडे दिली होती, ही घोडचूक होती. उनामेटकडे होते निःशस्त्र पोलीस सल्लागार आणि मोजके लष्करी संपर्क अधिकारी. कोणत्या गावानं काय कौल दिला ते कळू नये म्हणून सगळ्या मतपत्रिका राजधानी दिलीमध्ये आणून, मिसळून मोजल्या. तरी ४ सप्टेंबरला ७८.५ टक्क्यांनी इंडोनेशियातली स्वायत्तता नाकारल्याचं, म्हणजे स्वातंत्र्याचा कौल दिल्याचं, जाहीर होताच इंडोनेशियाधार्जिण्या सशस्त्र टोळ्यांनी जाळपोळ वाढवली, लाखो लोक विस्थापित झाले. बळ वापरायची मुभा देणारा, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या सातव्या प्रकरणाखालचा सुरक्षा परिषदेचा ठराव १२६४ आला १५ सप्टेंबरला आणि इंटरफेट या बहुराष्ट्रीय फौजेचे सैनिक उतरले २० तारखेला. तेही जकार्तानं होकार दिल्यावर.

खडूफळा
मग मिनुर्सोची माणसं रोज करतात तरी काय?

निळी टोपी
पाहणी आणि नोंदी. मोरोक्कोनं वाळू-दगडाचा सुमारे २,७०० कि.मी. लांबीचा बांध घातलाय, भोवती सुरुंग पेरलेत. बांधाच्या पूर्वेला आणि दक्षिणेला ५ कि.मी. पट्ट्यात मोरोक्को आणि पोलिसारिओ दोघांनाही सैन्य न्यायची बंदी. बांधापासून दोन्हीकडे ३० कि.मी. पर्यंत गोळीबार आणि कुमक वाढवणं निषिद्ध. निरीक्षक निःशस्त्र असतात. ते गाडीनं, हेलिकॉप्टरनं फिरतात, भंग दिसला की अहवाल देतात. अडवण्याचा अधिकार नाही. मानवी हक्कांवर देखरेख ठेवायचं कामही त्यांच्याकडे दिलेलं नाही.

म्हणून १३ नोव्हेंबर २०२० ला मॉरिटानियाच्या सीमेजवळच्या गेरगेरात इथं सहारावी आंदोलकांनी अडवलेला रस्ता मोकळा करायला मोरोक्कोचं सैन्य थेट त्या पट्ट्यात शिरलं, तेव्हा मिनुर्सो नोंद करण्यापलीकडे काही करू शकलं नाही. पोलिसारिओनं १९९१ ची शस्त्रसंधी संपल्याचं जाहीर केलं.

मतपेटी
जाता जाता: भारतानं पोलिसारिओनं घोषित केलेल्या सहारावी प्रजासत्ताकाला १९८५ मध्ये मान्यता दिली होती, २००० मध्ये काढून घेतली. आपल्या खतांना लागणारं फॉस्फेट मोरोक्कोकडून येतं, हेही ध्यानात ठेवा.