अनुभव धागा: डोरेमॉन, शिनचॅन आणि आपली पोरं

ठाणे-नवी मुंबईकरांनो, जपानी कार्टूनचा तुमच्या मुलांवर (किंवा लहानपणी तुमच्यावर) काय परिणाम झाला ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते. आमच्याकडे दोघं भाऊ मराठीत भांडायला लागतात आणि पार हिंदीत पोचतात, कारण डोरेमॉनमधले नोबिता-जियान हिंदीतच भांडतात. शाळेत हिंदी सुरू व्हायच्या आधीच धाकटा फाडफाड हिंदी बोलायचा. बांगलादेशात २०१३ साली हिंदी डोरेमॉन बंद केलं ते याच काळजीने. मला मराठीची काळजी वाटते, खरंच.

नौपाडा: आमच्या वेळी दूरदर्शनवर मोगली होता, गाणं गुलजारांचं आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा, त्यामुळे तो आपल्याकडचाच वाटायचा. पण मूळ मालिका जपानची, १९८९ची.

कोपरखैरणे: बेब्लेड!! त्या कार्टूनमधले लढणारे भोवरे आजीच्या पितळी परातीत खेळायचो, मधे खोलगट भाग असतो ना, तिथे दोन्ही येऊन टकरायचे, परातीवर चरे पडलेत ते अजून दिसतात. बिल्डिंगमधली तमिळ, गुजराती, मराठी सगळी पोरं त्या परातीभोवती बसायची, माझे जवळचे मित्र तिथेच झाले.

ऐरोली: शिनचॅनबद्दल कोणीतरी बोला. पाच वर्षांची मुलगी पाहुण्यांसमोर मला त्याच्या टोनमध्ये उलट बोलली, आजीला फार लागलं. शिनचॅन १९९० साली मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झालेलं, आणि आपल्याकडे ते लागतं लहान मुलांच्या चॅनलवर! २००८ मध्ये सरकारने बंद केलं होतं, नंतर काटछाट करून परत आलं. आम्ही पूर्ण बंद नाही केलं पण आता मी शेजारी बसते, आणि तो आईला असं बोलला तर आईला कसं वाटलं असेल हे तिथल्या तिथे विचारते. फरक पडलाय.

खारघर: डोरेमॉन खातो ती डोरायाकी पाहिजे म्हणून हट्ट. आत गोड लाल बीन्सचं सारण असतं म्हणे, मी दोन छोट्या पॅनकेकमध्ये पुरण भरलं. डबा रिकामा आला.

कळवा: @ऐरोली, ताई पटलं, पण दुसरी बाजूपण लिहिते. माझी मुलगी नारुतो बघत बघत जपानी शिकायला लागली, कपाटाच्या दारावर हिरागानाचा (जपानी अक्षरांचा) तक्ता लावलाय, प्रत्येक अक्षराची रेघ कुठून सुरू करायची तेही ठरलेलं असतं, ते ती रात्री जेवण झालं की गिरवत बसते. आता जपानी भाषेच्या एन५ (सगळ्यात सोपी पातळी) परीक्षेचा फॉर्म भरायचाय. ठाण्यात चांगला क्लास कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, शनिवार-रविवारचा असेल तर फारच बरं.