निकोला युलो: राजीनामा दिला ते बरं केलं, की पळ काढला?

तिरपागडा (धागाकर्ता)

२८ ऑगस्ट २०१८ ची सकाळ. 'फ्रान्स इंटर' या सरकारी रेडिओवर पर्यावरणमंत्री निकोला युलो यांची मुलाखत चालू होती आणि बोलता बोलता त्यांनी सांगून टाकलं, मी सरकारातून बाहेर पडतोय. मुलाखत घेणारी पत्रकार चक्रावली. खरंच म्हणताय? हो, खरंच. राष्ट्राध्यक्ष माक्रों यांना कळवलंय? नाही, कळवलं असतं तर त्यांनी मला थांबवलं असतं. मला यापुढे स्वतःशी खोटं बोलायचं नाही, हे त्यांचं वाक्य मग दिवसभर सगळीकडे वाजत राहिलं.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. तो राजीनामा नव्हता, तो एपिसोड होता.

ज्यांना हे गृहस्थ माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९५५, लील शहरातला. आधी वृत्तछायाचित्रकार, मग रेडिओ, आणि १९८७ पासून 'टीएफ १' वाहिनीवर 'उशुआइया'. विमानातून उडी मार, बर्फाखाली बुडी मार, छोट्या ग्लायडरला लटकून धापा टाकत कॅमेऱ्याशी बोल, असा तो कार्यक्रम. इतका चालला की त्या नावाचे शॅम्पू आणि शॉवर जेल 'लॉरियाल'ने बाजारात आणले. १९९० मध्ये त्यांनी पर्यावरणाची संस्था काढली. २००७ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी सगळ्या मोठ्या उमेदवारांकडून 'पर्यावरण करारा'वर सह्या घेतल्या आणि स्वतः मात्र उभे राहिले नाहीत. २००९ मध्ये डॉक्युमेंटरी सिनेमा केला. २०११ मध्ये हरितवाद्यांच्या उमेदवार-निवडीत उतरले, तर एव्हा जोली या माजी न्यायाधीश बाईंनी त्यांना सरळ हरवलं. माक्रोंच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष ओलांद यांनी देऊ केलेलं मंत्रिपद नाकारलं आणि मे २०१७ मध्ये माक्रोंचं घेतलं. पंधरा महिने टिकलं.

टीव्हीवरच्या माणसाकडे प्रेक्षक असतात, कार्यकर्ते नसतात. मंत्रालयात फाइल अडली की प्रेक्षक कामाला येत नाहीत. मग उरतो तो एकच रस्ता, मायक्रोफोन.

मेधा ल्योंकर

साफ असहमत. पंधरा महिन्यांत झालं काय ते तरी बघाल की नाही? नांतजवळच्या नोत्र-दाम-दे-लांदच्या विमानतळाचं घोंगडं जवळजवळ पन्नास वर्षं भिजत पडलं होतं. शेतजमिनीवर तळ ठोकून बसलेले आंदोलक, सरकारं येत-जात राहिली. तो प्रकल्प जानेवारी २०१८ मध्ये रद्द झाला. डिसेंबर २०१७ च्या कायद्याने तेल आणि वायू शोधायचे नवे परवाने बंद केले, उत्पादन २०४० पर्यंत थांबवायचं ठरलं. फ्रान्समध्ये मुळात तेल निघतं किती, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच चिमूटभर आहे. तरी पायंडा पडला.

आणि राजीनाम्याच्या आदल्या दिवशी काय घडलं ते धाग्यात का नाही? एलिझेमध्ये, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात, शिकारी संघटनांबरोबर बैठक होती. बोलावणं नसलेला त्यांचा लॉबिस्ट मंत्र्यांच्या समोर येऊन बसला. बैठकीतून निघालं काय, तर देशभरच्या शिकार परवान्याची फी ४०० युरोंवरून २००! हवामानाच्या गप्पा मारणाऱ्या सरकारचं हे त्या आठवड्यातलं काम. मी असते तर बैठकीतूनच उठून गेले असते.

तिरपागडा

विमानतळ मान्य. पण मोठ्या गोष्टींत काय केलं? वीजनिर्मितीतला अणुऊर्जेचा वाटा २०२५ पर्यंत ५० टक्क्यांवर आणायचा हे कायद्यात होतं. ते जमणार नाही, ही घोषणा नोव्हेंबर २०१७ मध्ये केली कुणी? युलोंनीच. ग्लायफोसेट तणनाशक तीन वर्षांत बंद करू असं माक्रों म्हणाले होते. मे २०१८ मध्ये ते कायद्यात घालायची वेळ आली तेव्हा संसदेने घातलं नाही, आणि मंत्रिमहोदय खुर्चीतच. तेव्हा का नाही गेले? शिकारीच्या फीवरून जायचं आणि अणुऊर्जेवरून नाही, हा कुठला हिशेब?

राजापूरकर

अणुऊर्जेचं नाव निघालं म्हणून लिहितो, नाहीतर फ्रेंच मंत्र्याचं मला काय घेणं-देणं.

१० मार्च २०१८ रोजी माक्रों दिल्लीत होते. जैतापूरच्या सहा ईपीआर (फ्रेंच रचनेच्या) अणुभट्ट्यांसाठी फ्रान्सची सरकारी वीजकंपनी ईडीएफ आणि आपलं अणुऊर्जा महामंडळ यांच्यात पुढच्या वाटचालीचा करार त्याच दिवशी झाला. ९,९०० मेगावॉट. मडबन, निवेली, करेल, मिठगवाणे इथल्या जमिनी त्यासाठी आधीच गेल्या होत्या. एप्रिल २०११ मध्ये नाटे गावात आंदोलकांवर गोळीबार होऊन एक माणूस गेला, ते इथे कुणी विसरलेलं नाही. त्या करारावेळी फ्रान्सचे पर्यावरणमंत्री कोण? हेच. पाच महिन्यांनी रेडिओवर हेच गृहस्थ अणुऊर्जेला निरर्थक वेडेपणा म्हणाले, पैशाच्या दृष्टीने आणि तंत्राच्याही. आमच्या किनाऱ्यावर तो वेडेपणा विकायला निघाले होते त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसले होते की हो तोवर!

आणखी एक. त्यांच्या संस्थेला पैसे देणाऱ्यांत ईडीएफ होती. 'टीएफ १' वाहिनी १९८७ मध्ये ज्यांनी विकत घेतली ते बुईग म्हणजे बांधकामवाले, आणि फ्रान्समधल्या फ्लामांव्हीलच्या ईपीआरचं काँक्रीटचं काम त्यांच्याचकडे. निसर्गाचा कार्यक्रम आणि अणुभट्टीचं काँक्रीट एकाच घरात नांदत होतं.

मेधा ल्योंकर

राजापूरकर, तुमचा राग कळतो. पण अणुभट्ट्या विकणं पर्यावरण खात्याकडे नव्हतं, त्या करारावर युलोंची सही नाही. आणि देणग्यांबद्दल म्हणाल तर ते त्यांनी कधी लपवलं नाही. कंपन्यांना आत घेऊनच बदलता येईल अशी त्यांची धारणा होती. ती भाबडी होती असं म्हणा, मी वाद घालणार नाही.

राजापूरकर

सही नसेल. मंत्रिमंडळात होते ना? सरकारातला मान मोठा, नावापुढे 'राज्यमंत्री' अशी पदवी. (आपल्याकडे राज्यमंत्री म्हणजे धाकटी पाती, तिकडे उलट, ज्येष्ठ मंत्र्यालाच ती मिळते.)

आंबोळी

तुमचं अणुऊर्जापुराण चालू द्या, मी वेगळंच बोलते. इंधनावरचा कार्बन कर चढवायचं वेळापत्रक २०१८ च्या बजेटमध्ये आणखी वेगवान केलं गेलं, ते युलोंच्याच काळात. खेड्यात राहणारी, बस नाही म्हणून जुन्या डिझेल गाडीने कामाला जाणारी माणसं त्यात भरडली. १७ नोव्हेंबर २०१८ ला या करवाढीविरुद्ध पिवळी जाकिटं घातलेले आंदोलक चौकाचौकात उभे राहिले तेव्हा हे केव्हाच घरी. आणि घर कसं? संपत्तीच्या विवरणात सत्तर लाख युरोंहून जास्त मालमत्ता, शिवाय नऊ मोटारवाहनं, त्यांत बोटही आली. शॅम्पूच्या बाटलीवरचं नाव फुकट जात नाही. पर्यावरण वाचवायला माझी हरकत नाही, पण डिझेल महाग करणाऱ्याच्या दारात नऊ वाहनं असली की लोक ऐकत नाहीत, एवढं साधं आहे.

सडाफटिंग

आंबोळी +१. आणि एका गोष्टीला अजून कुणी हात लावला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'फ्रान्स २'च्या कार्यक्रमात अनेक स्त्रियांनी त्यांच्यावर बलात्कार आणि लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. त्यांनी ते नाकारले, पण आदल्याच दिवशी टीव्हीवर येऊन सार्वजनिक जीवन सोडत असल्याचं जाहीर केलं. चौकशी झाली आणि मुदत उलटून गेल्यामुळे २०२२ मध्ये बंद पडली, म्हणजे खरं-खोटं न्यायालयात ठरलंच नाही. मी निकाल देत नाही. पण २०१८ च्या सुरुवातीला एका साप्ताहिकाने त्यांच्याविरुद्धची जुनी तक्रार छापली होती, तेव्हा पंतप्रधानांपासून सगळे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. वीस-पंचवीस वर्षं दिवाणखान्यात दिसलेला चेहरा लोकांना घरचा वाटतो आणि घरच्याची कुणी चौकशी करत नाही. टीव्हीवरून राजकारणात आलेल्या माणसाबद्दल माझी पहिली तक्रार ही आहे, फायली नंतर.

मेधा ल्योंकर

सडाफटिंग, यावर माझं दुमत नाही. मी त्या माणसाची वकिली करत नाहीये, त्या राजीनाम्याची करतेय.

कारण त्याच मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, माझ्या मागे आहे कोण? जैवविविधतेसाठी रस्त्यावर उतरणारा समाज आहे का? तिरपागडा म्हणतात तेच, कार्यकर्ते नाहीत, हे त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं. त्यानंतर काय झालं ते मी इथे पाहिलंय. ८ सप्टेंबरला फ्रान्सच्या शहराशहरांत हवामानासाठी मोर्चे निघाले, कुठल्या पक्षाने काढलेले नाहीत. ल्योंमध्ये पुठ्ठ्याचे फलक घेतलेली, आयुष्यात पहिल्यांदा मोर्चात आलेली कुटुंबं होती, पोरं खांद्यावर. डिसेंबरमध्ये चार संस्थांनी सरकारविरुद्ध दाव्याची हाक दिली, त्यात युलोंची संस्थाही होती. वीस लाखांवर सह्या पडल्या. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या प्रशासकीय न्यायालयाने हवामानाच्या बाबतीत सरकार कर्तव्यात चुकल्याचं मान्य केलं. खुर्चीत बसून यातलं काय झालं असतं?

आणि त्यांच्या जागी मुरलेला राजकारणी आणून तरी काय मिळवलं? फ्रांस्वा द रुगी. संसदेचे अध्यक्ष असताना सरकारी खर्चाने लॉब्स्टरच्या मेजवान्या दिल्याच्या बातम्या आल्या आणि जुलै २०१९ मध्ये तेही गेले.

तिरपागडा

लॉब्स्टरवर माझ्याकडे उत्तर नाही. पण मेधाताई, न्यायालयाने ठपका ठेवला आणि वर्षभराने, फेब्रुवारी २०२२ मध्ये माक्रोंनी बेल्फोर शहरात जाऊन सहा नव्या अणुभट्ट्यांची घोषणा केली. मोर्चे झाले, सह्या झाल्या, धोरण तुमच्या युलोंना हवं होतं त्याच्या बरोबर उलट दिशेला गेलं. आत राहून ते अडवता आलं असतं का? कदाचित नसतंही. पण आत कुणीच नव्हतं, तेव्हा तो प्रश्नच आला नाही.

राजापूरकर

फ्लामांव्हीलची ती एक भट्टी २००७ ला बांधायला घेतली, ग्रिडला जोडली डिसेंबर २०२४ मध्ये. आमच्याकडे सहा लावायच्या म्हणतात. मंत्री राहिला काय, गेला काय, मडबनच्या कातळावर अजून कुंपणच आहे.

मेधा ल्योंकर

तिरपागडा, 'आत कुणीच नव्हतं' कसं? आत असताना २०२५ चं उद्दिष्ट पुढे ढकलल्याची घोषणा त्यांनाच करावी लागली, हे तुम्हीच वर लिहिलंय. आतल्या माणसाला तेच काम देतात.