सर्व्हरवरून कॉपी ११ एमबीच्या वर जातच नाही (मॅक + विंडोज, वागळे इस्टेट)

वागळे_प्रीप्रेस

नमस्कार मंडळी. वागळे इस्टेटला आमचं लेबल आणि कार्टन छपाईचं युनिट आहे. मी प्रीप्रेस, म्हणजे छपाईआधीची फायलींची तयारी, बघते. "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना" या एका वाक्यावर ऑफिसचं नेटवर्कही माझ्याच गळ्यात आलंय.

मांडणी अशी: अकाउंट्सच्या मागच्या कपाटात उबुंटू लिनक्सवर सांबा सर्व्हर (सांबा म्हणजे विंडोज-मॅकला नेटवर्कवरून फायली पुरवणारं सॉफ्टवेअर), शेजारीच गिगाबिट स्विच. अकाउंट्सला विंडोज १० ची मशीन्स. स्टुडिओ पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, तिथे वेगळा गिगाबिट स्विच आणि तीन मॅक. कटिंग प्लॉटरला विंडोज एक्सपीचा जुना डबा आहे, त्याला कुणी हात लावत नाही. शिवाय शेठचा नवा विंडोज ११ लॅपटॉप.

दिवाळीआधी ऑफिसचं इंटिरियर झालं, नवं फॉल्स सीलिंग, नवं रिसेप्शन. तेव्हापासून स्टुडिओत दोन जीबीची आर्टवर्क फाइल मॅकवर उतरवायला तीन मिनिटं लागतात. कॉपीचा वेग ११ एमबी प्रति सेकंद, वर जातच नाही. अकाउंट्समध्ये मात्र सगळं झकास, त्यामुळे शेठना वाटतं मीच कुरकुर करते. दुसरं म्हणजे 'चालू जॉब' फोल्डर मॅकवर उघडायला अर्धा मिनिट लागतो. हे दुखणं जुनंच आहे, इंटिरियरच्या आधीपासूनचं. नेटवर्कवाला म्हणतो सर्व्हर बदला, आणि कोटेशनही देऊन गेला. खर्च करण्याआधी काय तपासू?

खाडीपलीकडचा

ताई, कोटेशन ड्रॉवरमध्ये ठेवा. ११ हा आकडाच सगळं सांगतोय. १०० एमबीपीएसच्या (मेगाबिट प्रति सेकंद; आठ बिट म्हणजे एक बाइट) लिंकवर फाइल कॉपी ११-१२ एमबीवर अडकते, गिगाबिटवर, म्हणजे १००० एमबीपीएसवर, ११० च्या आसपास जाते. सर्व्हरची डिस्क थकली असती तर वेग वरखाली झाला असता, असा एका आकड्याला चिकटून राहिला नसता. आणि मग अकाउंट्सलाही रडू आलं असतं.

दोन गोष्टी करा. एक, दोन मॅकवर एकाच वेळी मोठी फाइल उतरवा. दोघांना साडेपाच-साडेपाच मिळाले तर मॅक निर्दोष, दोघांची सामायिक वाट अरुंद आहे. दोन, सर्व्हरवर आणि मॅकवर आयपर्फ३ हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर टाकून मोजा. त्यात सांबाही नाही आणि डिस्कही नाही, निव्वळ वायरीचा वेग कळतो. ९४ एमबीपीएस आला की दोष वायरीचा किंवा पोर्टचा. ९४० आला तर मी चुकलो, मग सर्व्हरकडे वळू.

फोल्डर उघडायचं दुखणं यात मिसळू नका. कॉपी हळू होणं आणि फोल्डर हळू उघडणं हे वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

ठाणेकर_७७

सांबात एसएमबी१ (नेटवर्कवरून फायली वाटायच्या एसएमबी पद्धतीचं जुनं व्हर्जन) चालू करून बघा. आमच्याकडे जुन्या व्हर्जनवर सगळं सुसाट पळायचं.

खाडीपलीकडचा

कृपा करून नको. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस ज्या भोकातून शिरला ते एसएमबी१ मधलंच होतं. विंडोज १० ने त्याच वर्षी नव्या इन्स्टॉलमध्ये तो बंद केला, सांबानेही ४.११ पासून आपसूक बंद ठेवलाय. वेगातही तो एसएमबी३ च्या मागेच असतो. ताई, तुमच्या एक्सपीसाठी सर्व्हरवर तो कुणी चालू ठेवलाय का तेही बघून घ्या. प्लॉटरला फायली एफटीपीने एका ठरावीक फोल्डरमधून घेऊ द्या आणि त्या डब्याचं इंटरनेट राउटरवरच तोडा.

वागळे_प्रीप्रेस

मोजलं. दोन मॅकवर एकदम उतरवलं तर दोघांना पाचच्या आसपास. आयपर्फ: अकाउंट्समधून ९४१, स्टुडिओतून ९४. स्टुडिओच्या स्विचवर मॅकच्या पोर्टांचे दिवे हिरवे, अकाउंट्सकडून येणाऱ्या वायरीचा एकटा नारिंगी. आता काय, वायर बदलायची?

जुना_क्रिम्पर

बदलायच्या आधी दोन्ही टोकांचे प्लग नीट बघा. १०० एमबीपीएसला चारच तारा लागतात, नारिंगी आणि हिरवी जोडी. गिगाबिटला आठही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी सुटली तरी बहुतेक स्विच गुपचूप १०० वर उतरतात. नेट चालू दिसतं म्हणून कुणाला शंका येत नाही.

इंटिरियर झालं म्हणताय ना? मग सीलिंगवरची फळी उघडा. इलेक्ट्रिशियन लोकांना मोकळी जोडी दिसली की हात शिवशिवतात. तुर्भ्यात एका गाळ्यात त्याच वायरीच्या तपकिरी जोडीवर दारावरची बेल चालवलेली बघितलीय मी.

वागळे_प्रीप्रेस

काका, तुम्ही सीलिंगमध्ये बसून बघताय का? रिसेप्शनच्या वर वायर सोललेली, आणि निळी जोडी इंटरकॉमला दिलेली! वर टेप गुंडाळून झाकलंय. इंटिरियरवाल्याचं उत्तर: "मॅडम, त्या तारा रिकाम्याच होत्या."

जुना_क्रिम्पर

जोड मारून भागवू नका. कॅट६ ची नवी अखंड वायर ओढा, लाइटच्या वायरिंगपासून जरा लांबून. तांब्याचीच घ्या, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते ती नको. इंटरकॉमला त्याची वेगळी वायर द्या. आणि दोन्ही टोकांना लेबल लावा, तुमच्याकडे लेबलांचा काय तोटा!

सांबावाला

आता 'चालू जॉब'कडे. ताई, त्या एका फोल्डरमध्ये सबफोल्डर न धरता थेट किती फायली आहेत? काही हजार असतील तर कारण तिथेच आहे.

विंडोजला फाइलच्या नावातली इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं सारखीच, लिनक्सला वेगळी. हा मेळ सांबा घालतो. मागितलेलं नाव जसंच्या तसं सापडलं नाही, तर ते कॅपिटल-स्मॉलच्या फरकाने असेल म्हणून सांबा अख्खं फोल्डर चाळतो. त्यात मॅक प्रत्येक फाइलमागे टिंब-अंडरस्कोअरने सुरू होणारी एक जोडफाइल मागतो, जी बहुधा नसतेच. नसलेल्या प्रत्येक फाइलसाठी सांबाची पुन्हा सगळी चाळणी. तलाठ्याकडे नसलेला सातबारा मागत राहावं, तसं. विंडोज या जोडफायली मागत नाही, म्हणून अकाउंट्सला याची झळ नाही.

उपाय दोन. सांबाचे 'फ्रूट' आणि 'स्ट्रीम्स_एक्सॲटर' मॉड्यूल लावले की मॅकची ही जास्तीची माहिती फाइलसोबतच राहते. पण जुन्या डेटावर थेट लावू नका, आधी वेगळ्या शेअरवर करून बघा आणि बॅकअप घ्या. दुसरा उपाय फुकटचा: फोल्डर फोडा, प्रत्येक जॉबला आपला फोल्डर. मी आधी हाच करेन.

सांबाच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'सॉकेट ऑप्शन्स' नावाची ओळ आणि त्यात ८१९२ वगैरे आकडे असतील तर ती काढून टाका. कितीतरी ठिकाणी ती जुन्या लेखांतून चिकटवलेली असते. आताचं लिनक्स बफर (डेटा येता-जाता थांबायची जागा) स्वतः वाढवतं, त्या ओळीने त्याचे हात बांधले जातात.

वागळे_प्रीप्रेस

नवी वायर पडली. स्टुडिओतून आता आयपर्फ ९४०, दोन जीबीची फाइल वीस सेकंदांत. सॉकेट ऑप्शन्सची ओळ होती, उडवली. 'चालू जॉब'मध्ये थेट अठरा हजारांच्या वर फायली आहेत, त्यात कधीच डिस्पॅच झालेलेही जॉब. फोडायला तयार आहे, पण फायली हलवल्या की इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधल्या चित्रांच्या लिंक तुटतील ना?

आणि शेठचा लॅपटॉप सर्व्हर उघडूच देत नाही. बाकी सगळे पासवर्डशिवाय जातात.

खाडीपलीकडचा

लॅपटॉपवर विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती असणार. तिथे एसएमबी साइनिंग (येणारा-जाणारा डेटा खरा आहे याची डिजिटल सही) सक्तीचं आहे, आणि पासवर्डशिवायच्या गेस्ट जोडणीत साइनिंग होऊच शकत नाही. साइनिंग बंद करायचे व्हिडिओ सापडतील, त्यांच्या नादी लागू नका. सांबावर शेठच्या नावाने युजर आणि पासवर्ड करून द्या.

सांबावाला

लिंकचं सोपं आहे. लिंक केलेली फाइल जुन्या जागी नसली तर इनडिझाइन डॉक्युमेंटच्याच फोल्डरमध्ये बघतो. त्यामुळे जॉबचं डॉक्युमेंट आणि त्याची चित्रं एकत्रच हलवा. अनेक जॉबांत वापरलेले लोगो तेवढे जागेवर राहू द्या. डिस्पॅच झालेले जॉब इनडिझाइनमधून 'पॅकेज' करून (डॉक्युमेंट आणि त्याच्या फायली एका फोल्डरमध्ये गोळा होतात) वर्षाच्या फोल्डरमध्ये टाका. मशीनवर चाललेल्या जॉबला हात लावू नका, ते संपतील तसे हलतील.

वागळे_प्रीप्रेस

ठीक, शनिवारी मशीन बंद झाल्यावर गेल्या वर्षीच्या डिस्पॅचपासून सुरू करते. फ्रूटचं नंतर, लागलंच तर.