बुलेटचा क्लच घसरतोय: घाटात इंजिन ओरडतं, गाडी चढत नाही

म्हसरूळची बुलेट

नमस्कार. बाबांची १९७९ ची बुलेट ३५० आहे. कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायाला गिअर. बाबा नाशिक रोडच्या प्रेसमधून रिटायर झाले. गुडघ्यांमुळे त्यांना आता किक मारवत नाही, म्हणून दोन वर्षं गाडी मीच चालवते.

रविवारी आईला मागे बसवून सप्तशृंगी गडावर निघाले होते. दिंडोरी, वणी, काही जाणवलं नाही. नांदुरीहून घाट लागला आणि तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला की आवाज नुसता वर जायचा, गाडी आहे तेवढीच. दुसऱ्यात जरा ओढायची. चार-पाच वळणं झाली आणि जळका वास आला, तशी कडेला लावली. आईला एका जीपमध्ये बसवून वर पाठवलं आणि गाडी थंड झाल्यावर मी तिथूनच मागे फिरले. आई देवीचं दर्शन एकटीने घेऊन आली. ते मनाला फार लागलं.

आणखी एक. कधीकधी किक पायाखालून सटकन खाली जाते, कॉम्प्रेशन लागतच नाही. डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा छोटा लिव्हर) दाबून, अँपिअर मीटरचा काटा मध्ये आणून, बाबांनी शिकवलं तशीच मारते.

क्लच प्लेट दोन महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये नव्या टाकल्या, केबलही नवी. तेच आता म्हणतात, प्लेट पुन्हा बदला. दोन महिन्यांत प्लेट जातात का? पैसे द्यायला तयार आहे, पण कारण कळल्याशिवाय नाही.

सातपूरचा फिटर

ताई, किक सटकते म्हणालात तिथेच निम्मं उत्तर आलं. या गाडीत किकचा जोर गिअरबॉक्समधून, क्लचवरूनच इंजिनला पोचतो. क्लच धरत नसेल तर पिस्टन हलणारच नाही. तेव्हा कॉम्प्रेशन, कार्बोरेटर यांच्या मागे लागू नका.

आता प्लेटचं. नवी प्लेट टाकली की पहिल्या काही दिवसांत तिचं अस्तर बसतं, थोडं झिजतं. गठ्ठा पातळ झाला की प्रेशर प्लेट (गठ्ठा दाबून धरणारी बाहेरची प्लेट) आत सरकते आणि पुशरॉडच्या (क्लच दाबला की तिला ढकलणाऱ्या दांड्याच्या) जवळ येते. लोकांना वाटतं प्लेट झिजली की क्लच सैल होतो. उलट आहे, झिजली की क्लच लिव्हरचा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, कमी होतो. नवी केबल टाकताना कुणी ती ताणून बसवली असेल, तर महिनाभरात प्ले संपतो. मग लिव्हर सोडलेला असला तरी रॉड प्रेशर प्लेटला टेकूनच राहतो. थोडक्यात, तुम्ही अर्धा क्लच दाबून घाट चढत होतात.

गाडी थंड असताना लिव्हर बोटाने हलवून बघा. केबल ताणण्याआधी दोन-तीन मिलिमीटर मोकळा हलला पाहिजे. पण नुसत्या केबलवर जाऊ नका. गिअरबॉक्सवर दोन स्क्रूचं छोटं झाकण आहे, आत ॲडजस्टर आणि लॉकनट. आधी केबल पूर्ण सैल करा. लॉकनट सोडून ॲडजस्टर हलक्या हाताने रॉडला टेकेपर्यंत घ्या, तिथून अर्धा फेरा मागे. लॉकनट आवळताना स्क्रूड्रायव्हर धरून ठेवा, नाहीतर ॲडजस्टर सोबत फिरतो. केबल शेवटी.

आणि चेनकेसमध्ये, म्हणजे क्लच ज्या डब्यात ऑइलमध्ये फिरतो तिथे, ऑइल कोणतं टाकलंय ते विचारा. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. इंजिनला चांगली, आपल्या क्लचला वाईट. डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचसाठीचा दर्जा) लिहिलेलं बघून घ्या.

देवळाली कॅम्प

फिटर साहेबांशी सहमत, पण स्प्रिंगही बघाच. जुन्या स्प्रिंग बसतात, म्हणजे आखूड होतात. नवीशेजारी उभी ठेवली की डोळ्यांनी फरक कळतो. आमच्याकडे एकाने स्प्रिंगखाली वॉशर घातले होते, घसरणं थांबलं.

सातपूरचा फिटर

वॉशर नको. लिव्हर दगडासारखा होतो, केबल तुटते आणि मूळ दोष तसाच राहतो. स्प्रिंग बसल्या असतील तर सगळ्या एकदम बदला.

म्हसरूळची बुलेट

काका, लिव्हरला प्ले शून्य होता! तुम्ही सांगितलं तसं दोन्हीकडे ॲडजस्ट केलं. किक सटकायची थांबली. पण म्हसरूळहून बोरगडाकडच्या चढाला तिसऱ्यात अजून थोडी घसरली, म्हणून शनिवारी चेनकेस उघडली. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. डावा फुटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढलं, मधला एकच मोठा नट सोडला आणि झाकण हातात आलं. मला वाटलं होतं दहा-बारा स्क्रू असतील.

ऑइल काळंभोर, तोच घाटातला वास. प्लेटचं अस्तर जाडीला जवळजवळ नव्यासारखं, पण वरून काचेसारखं चकचकीत. नख फिरवलं तर नुसतं सरकायचं. लोखंडी प्लेटवर निळसर डाग. या प्लेट आरशाच्या सपाट काचेवर ठेवून बाबांनी फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पाहिलं, चारपैकी एकही वाकलेली नाही. स्प्रिंग नव्या आणून शेजारी ठेवल्या, उंची सारखीच होती, म्हणून परत केल्या.

सगळं पेट्रोलने धुतलं. काचेवर पॉलिश पेपर पसरून प्लेट गोल गोल घासल्या, चकाकी जाईपर्यंतच. रात्रभर नव्या ऑइलमध्ये बुडवून ठेवल्या. जासो एमएच टाकलं, लेव्हलच्या स्क्रूतून थेंब पडेपर्यंत. गॅरेजला फोन केला होता. कारसाठी उघडलेल्या डब्यातलं उरलेलं ऑइल टाकलं होतं म्हणाले. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

आज पहाटे आईला घेऊन गडावर जाऊन आले. पूर्ण घाट दुसऱ्या-तिसऱ्यात, एकदाही घसरली नाही. फक्त सकाळी गाडी थंड असताना पहिला गिअर खाडकन पडतो आणि न्यूट्रल चटकन सापडत नाही. काही चुकलं का?

सातपूरचा फिटर

छान काम केलंत ताई, बाबांना नमस्कार सांगा. रात्रभर उभी राहिली की ऑइलने प्लेट एकमेकींना चिकटतात. सकाळी चालू करण्याआधी क्लच दाबून दोन-तीन किक मारा, प्लेट सुटतील. तापल्यावरही न्यूट्रल सापडत नसेल तर केबलचा प्ले जास्त झालाय, तो तीनवरून दोनवर आणा. अजून पाचशे किलोमीटरनंतर लिव्हर पुन्हा तपासा, घासलेलं अस्तर परत थोडं बसेल.